तीन नंबरची नळी

२१ जानेवारी

आज पहिल्यांदा एकटीने साइटवर गेले आणि लॅपटॉपने चारचौघांत अब्रू घालवली. चारचौघं म्हणजे एक म्हातारी, तिची म्हैस आणि दोन शेळ्या. पण अब्रू गेली ती गेलीच.

आधी काम काय आहे ते लिहून ठेवते, कारण आईला कितीदा सांगितलं तरी ती शेजारणींना "पोरगी धरणावर कंप्युटर शिकवते" असंच सांगते. मालेगावच्या पुढे डोंगरात पळसखोऱ्याचा तलाव आहे. मातीचा बांध, आणि खाली नाल्याच्या काठाने बंजाऱ्यांचा तांडा. दोन वर्षांपूर्वी बांधाची दुरुस्ती झाली तेव्हा त्याच्या तांड्याकडच्या उतारात तीन नळ्या पुरल्या. बांधाच्या मातीत पाणी किती मुरलंय ते त्या नळ्यांत कळतं. नळीतलं पाणी जितकं वर, तितका बांध आतून ओला. प्रत्येक नळीत एक सेन्सर सोडलाय आणि तिन्हींच्या तारा माथ्यावरच्या एका लोखंडी डब्यात येतात. डब्यात लॉगर बसवलाय, तो दर तासाला आकडे साठवून ठेवतो. खोऱ्यात नेटवर्क नाही, म्हणून ते आकडे आपोआप कुठे जात नाहीत. दर पंधरवड्याला कुणीतरी जाऊन लॅपटॉप जोडायचा, फाइल उतरवायची आणि अकोल्याला आमच्या ऑफिसात उत्कर्ष सरांना पाठवायची. ते कुणीतरी म्हणजे मी, पौर्णिमा भिवाजी इंगोले, मुक्काम अनसिंग, डिप्लोमा, प्रथम श्रेणी.

डबा उघडला तर आत गांधीलमाश्यांचं घर. त्यांना धूर दाखवून हाकललं. केबल लावली. लॅपटॉप म्हणाला, उपकरण सापडत नाही. काढली, पुसली, परत लावली. सापडत नाही. पोर्ट बदलला, बंद करून चालू केला, देवाधर्माचं सोडून सगळं केलं. त्यात ऊन असं की पडद्यावर मला माझंच तोंड दिसत होतं. ओढणी डोक्यावरून पुढे ओढून तंबू केला, आत घामाने भिजले, तरी एक अक्षर दिसेना.

म्हातारी बराच वेळ बघत होती. ती कमलीबाई. तिचा नवरा भाऊसिंग तलावाचा चौकीदार आहे.

"काय करून राह्यली व पोरी?"

"या डब्यातलं या डब्यात घ्यायचंय मावशी."

"मंग घे ना."

"दिसत नाही काही. ऊन आहे."

ती उठून खाली गेली. मला वाटलं कंटाळली. आली ती जाड गोधडी घेऊन. माझ्या डोक्यावरून टाकली आणि स्वतःही आत शिरली. आत अंधार, धुराचा आणि शेळ्यांचा वास, आणि पडदा लख्ख. तेव्हा कुठे दिसलं की केबल लॉगरच्या खाचेत अर्धीच बसली होती. दाबली, आवाज झाला, आकडे उतरायला लागले.

"अव, हे काय मुंग्यावानी पयते?" कमलीबाई म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिने चहा ठेवला. तो मी दोनदा प्यायले.


४ फेब्रुवारी

एक नंबर आणि दोन नंबर शहाण्या मुली आहेत. तीन नंबर वेगळंच बोलते. शेजारच्या दोन नळ्यांपेक्षा तिच्यात पाणी बरंच वर दाखवतंय.

बांधाच्या माथ्यावर एका बाभळीच्या बुंध्यापाशी उभं राहिलं तर फोनला रेंज मिळते. तिथून सरांना विचारलं.

"तीन नंबर सुरुवातीपासून वेडी आहे," सर म्हणाले. "सेन्सर खराब असणार. तू ऑफसेट मार."

ऑफसेट ही सॉफ्टवेअरमधली एक चौकट. तिच्यात आकडा टाकला की तेवढा पुढच्या प्रत्येक मापातून वजा होतो. घड्याळ पुढे पळत असलं की आपण काटा मागे आणतो, तसंच.

"सर, आधी टेप सोडून बघू का?" नळीत सोडायची एक फीत असते, पाण्याला टेकली की ती वाजते.

"टेप दुसऱ्या टीमकडे आहे. येईल तेव्हा बघू. तोवर तिला एक-दोनच्या जवळ आणून ठेव. ग्राफ नीट दिसला पाहिजे, तो वरच्या ऑफिसात जातो."

आणून ठेवली. ग्राफ आता छान दिसतो, तिन्ही रेषा अंगाला अंग लावून चालतात. मनात एक बारीक खडा मात्र राहिला. सेन्सर बिघडला असता तर आकडा एका जागी अडकला असता, किंवा त्याने कुठेही उड्या मारल्या असत्या. ही तर तलावाच्या पाण्याबरोबर हळूहळू हलते. पण सरांचा अनुभव बारा वर्षांचा आणि माझा दोन खेपांचा. शिवाय भूक लागली होती.


२० फेब्रुवारी

फाइल पहिल्या झटक्यात उतरली. आता केबल माझं ऐकते.

कमलीबाईने मेथीची जुडी दिली. जुडी कसली, भाराच. बांधाच्या पायथ्याशी तिने वाफे केलेत. तिथली जमीन आपोआप ओली राहते, म्हणाली. आधी तिथे नुसता मुरूम होता, काही उगवत नव्हतं. मागच्या दिवाळीनंतर ओल धरली. मेथी, कोथिंबीर, दोन ओळी कांदे. म्हैसही दुपारी तिथेच बसते.

"देवानं दिलं," ती म्हणाली. "तांड्याची विहीर आटून चाल्ली, अन् हितं बिनपान्याचं पिकून राह्यलं."

फेब्रुवारीत आपल्याकडे एवढं हिरवं कुठे दिसतं. आपल्या जिल्ह्यात जमीन ओली दिसली की माणूस आधी चप्पल काढतो. मीही काढली. पाय असे गार झाले की निघावंसं वाटेना.

आईने मेथी निवडताना विचारलं, इतकी कोवळी, कुठल्या पाण्याची? म्हटलं, तलावाच्या.


२५ मार्च

आज मला पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हणालं, आणि म्हणणारा माझ्या बाबांच्या वयाचा.

भाऊसिंगकाका बांधावर माझी वाट बघत उभे होते. कमी बोलणारा माणूस. आधी डब्याचं कुलूप पुसलं, मग म्हणाले, "म्याडम, ते खालची ओल वाढून राह्यली. इंजिनेर सायबाले सांगाव का?"

मी त्यांना गोधडीखाली घेतलं आणि ग्राफ दाखवला. वरची लाल रेषा धोक्याची, खालच्या तिन्ही आपल्या. "किती खाली आहेत बघा. मातीचा बांध आहे काका, थोडा पाझरणारच. पाझरला नाही तर उलट काळजी करायची." हे शेवटचं वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं. ते तोंडातून फार ऐटीत बाहेर पडलं.

"तुमचं मशीन म्हन्ते तं ठीकच अशीन."

कमलीबाई खालून ओरडली, "काई सांगू नका सायबाले. येईन अन् माही मेथी उपटून टाकीन."

काका हसले. सांगणार नाहीत आता. परत येताना गाडीवर मी गाणं म्हणत होते. आजवर घरात मी म्हटलेलं कधी कुणी एका दमात मान्य केलं नाही, आणि इथे एका चौकीदाराने केलं.


११ मे

तलाव तळाला गेला. मधे चिखल आणि त्यात बगळे. कमलीबाईचे वाफे वाळून कडक झालेत. मला वाईट वाटलं. तलावात पाणी आलं की ओल परत येईल, असं ती म्हणाली.

तीन नंबरची आज गंमतच. नळीत पाणी उणे दाखवते. म्हणजे नळीच्या बुडाच्याही खाली. सरांना सांगितलं तर ते हसायला लागले. "बघ, म्हटलं नव्हतं वेडी आहे म्हणून?"

मीही हसले.


९ जुलै

तलाव निम्म्याच्या वर भरला. कमलीबाईचा अंदाज बरोबर होता, ओल परत आली, आणि चांगली दुप्पट. वाफ्याच्या वरच्या अंगाला बोटभर धार लागली आहे. तिने तिथे एक पन्हाळ ठेवलंय आणि खाली घागर. तांड्यातल्या बाया विहिरीवर जायच्या बंद झाल्यात.

तीन नंबर पुन्हा वर. एक-दोन आपल्या जागी. सर म्हणाले, टेप अजून आली नाही, ऑफसेट वाढव. वाढवला. चौकटीत आकडा टाकताना बोट जरा थबकलं होतं. सेन्सर वेडा असेल तर तलाव आटल्यावर खाली आणि भरल्यावर वर, असा नेमाने वेडा कसा? हे सरांना विचारणार होते. पण सप्टेंबरात कंत्राट संपतंय आणि पुढे कुणाला ठेवायचं ते सर ठरवणार आहेत. नाही विचारलं.


८ ऑगस्ट

तलाव तुडुंब. सांडव्यावरून पाणी जातंय. बांधाच्या माथ्यावर वाऱ्याने लाटांचे शिंतोडे अंगावर येतात.

तांड्यात तीज पेरली आहे. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत माती घालून गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत त्यांना पाणी घालतात आणि शेवटच्या दिवशी वाजतगाजत पाण्यात बोळवतात. त्याला त्या 'तीज बोळवणं' म्हणतात. यंदा टोपल्यांना पाणी कमलीबाईच्या धारेचं. तिला कोण अभिमान.

फक्त एक तक्रार होती तिची. "पह्यले कसं काचावानी पानी होतं. आता लाल येते. तुरटी फिरवली तरी बसत नाई."

"पावसाळा आहे मावशी. सगळीकडेच गढूळ आहे," मी म्हटलं.

लॉगर कसाबसा जोडला. डब्यात दमट झालंय, केबल तीनदा काढून घालावी लागली. तीन नंबर दोनदा खाली आणूनही लाल रेषेला टेकली होती. सर वैतागले. "रेषेच्या वरचा ग्राफ पाठवला तर पन्नास प्रश्न येतील, आणि उत्तर काय, तर सेन्सर खराब. खाली आण." आणली. तिसऱ्यांदा.

निघताना कमलीबाईने हात धरला. "तीजेच्या शेवटच्या दिवशी येजो. तुह्यं लगन नाई झालं ना अजून? मंग तं येच."

आज जेवण गेलं नाही. कारण कळत नाही. आई म्हणते दृष्ट लागली.


१९ ऑगस्ट

लिहायला बसते आणि उठते. आता जसं झालं तसं लिहून टाकते.

परवा तीजेला म्हणून सकाळी निघाले. पेढ्यांचा खोका घेतला होता, दुकानदाराने वर सुतळी बांधून दिली. सर म्हणाले होते, जातेच आहेस तर फाइलही आण, म्हणून लॅपटॉप पाठीवर. आधी बांधावर चढले.

डब्यात पाणी शिरलं होतं. पोर्टच्या पिना हिरव्या पडलेल्या. केबल लावली, उपकरण सापडत नाही. पुसली, फुंकली, परत लावली. नाही. आज ऊन नव्हतं, आभाळ भरून आलं होतं, पडदा स्वच्छ दिसत होता आणि त्यावर ते एकच वाक्य.

रिकाम्या हाताने कसं जायचं? वाटलं, निदान हाताने मोजलेलं एखादं माप न्यावं. खोक्याची सुतळी सोडली आणि टोकाला डब्याची किल्ली बांधली. सुतळी जेमतेम माझ्या दोन हातांएवढी. मागच्या ग्राफप्रमाणे तीन नंबरचं पाणी नळीच्या तोंडापासून खूप खाली असायला हवं होतं. सुतळी पुरणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी सोडली. कोपरभरही गेली नसेल, आतून टपकन आवाज आला. वर ओढली. किल्ली ओली.

एक नंबरमध्ये सोडली, कोरडी. दोन नंबरमध्ये सोडली, कोरडी. परत तीन. ओली.

तीन नंबर वेडी नव्हती. ती पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती आणि मी दर वेळी तिच्या तोंडावर हात ठेवत होते.

खाली पाहिलं. मेथीच्या वाफ्यांच्या जागी लाल पाणी उसळ्या मारत होतं. पन्हाळ कधीच वाहून गेलं होतं.

बाभळीपाशी जाऊन सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.  सर आवाज बारीक करून म्हणाले, "चौकीदाराला गेट पूर्ण उघडायला सांग. जितका तलाव उतरेल तितका उतरू दे. आणि खालची माणसं हलव." मी फोन ठेवणार तर म्हणाले, "पौर्णिमा, ऑफसेटचं सध्या कुणाला बोलू नकोस."

धावत खाली गेले. सगळा तांडा नाईकाच्या, म्हणजे तांड्याच्या म्होरक्याच्या, अंगणात गोळा झाला होता. पोरींच्या डोक्यावर गव्हाच्या टोपल्या, पिवळी कोवळी रोपं हातभर वाढलेली. त्या आता नाल्यावर निघणार होत्या, बांधाच्या अगदी खाली. भाऊसिंगकाका नवं धोतर नेसून, लाल पागोटं बांधून उभे.

"काका, बांध धोक्यात आहे. गेट पूर्ण उघडा. सर म्हणतात."

"तूच तं म्हने, मशीन ठीक दाखोते."

"मशीन चुकलं काका."

असं म्हणाले मी. मशीन चुकलं. दुसरं एक वाक्य तोंडात होतं, ते नाही निघालं. काकांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग पोराला, बबलूला, हाक मारली आणि दोघं बांधाकडे गेले. मी त्यांना जाताना पाहिलं. मीच पाठवलं होतं.

बाकीचे हलेनात. नाईक म्हणाला, तीज बोळवल्याशिवाय आम्ही घर सोडत नाही. मी ओरडत होते, रडत होते, आणि पोरी एकमेकींकडे बघून हसत होत्या. शेवटी कमलीबाई पुढे झाली. "शाळेजवळच्या टाक्यात बोळवू. पानी तं पानीच असते. चाला व पोरीहो." शाळा टेकाडावर आहे. तिने गाणं धरलं आणि सगळे चालायला लागले. पण तीजेच्या चालीने. दोन पावलं पुढे, मग गोल फिरायचं, मग टाळी. मी मागून बायांना ढकलत होते. "म्याडमले लय घाई," कुणीतरी म्हणालं.

शेवटची म्हातारी शाळेच्या फाटकात शिरली आणि आवाज आला. फार मोठा नव्हता. पोतं पालथं केल्यावर धान्य पडतं तसा, पण थांबेना. मागे वळून पाहिलं तर बांध तीन नंबरपाशी खाली बसत होता. माती बसली, मग माथा बसला, आणि मग पाणी आलं. नाल्याकाठची घरं पाण्यात उभी दिसली, मग दिसलीच नाहीत.

बबलू टेकाडावर चढून आला तेव्हा त्याच्या हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, होती. बांधाच्या माथ्यावरचं गेटचं चाक अडकलं होतं. बापाने त्याला सब्बल आणायला घरी पाठवलं होतं. ती घेऊन तो घराबाहेर पडला आणि त्याला बांध जाताना दिसला. काका चाकापाशीच होते. अंधार पडेपर्यंत बबलूने सब्बल खाली ठेवली नाही.


२४ ऑगस्ट

भाऊसिंगकाका काल सापडले. नाल्याच्या खालच्या अंगाला, बाभळींत. बाकी सगळा तांडा जिवंत आहे.

वर्तमानपत्रात माझा फोटो आलाय. युवतीच्या प्रसंगावधानाने तांडा वाचला. बाबांनी त्याच्या पाच प्रती आणल्या. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते, आता डेपोतल्या जुन्या मित्रांना दाखवत फिरतात. तहसीलला सत्कार ठेवलाय. आई विचारते, साडी कोणती नेसशील?

काकांच्या मातीला, अंत्यविधीला, गेले होते. कमलीबाईने सगळ्यांसमोर माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "तुह्यापायी लेकरं वाचले व माय."  तिच्या हातांना राखेचा वास होता. मी तोंड तसंच तिच्या हातांत ठेवलं, काढलं नाही. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

सरांचा फोन रोज येतो. "सेन्सर खराब होता, एवढं दोन ओळींत लिहून दे. विषय संपेल. तुझी नोकरी पक्की, आणि खोटंही नाही, कुणाला माहीत खराब नव्हताच म्हणून."

मला माहीत आहे. सुतळी अजून माझ्या बॅगेत आहे.


७ सप्टेंबर

लॉगरचा डबा गाळात सापडला. बबलूने घेऊन ठेवला होता. सर म्हणाले, फाइल उतरते का बघ, आणि उतरली तर आधी मला पाठव, दुसऱ्या कुणाला नको.

तांडा आता शाळेच्या आवारात आहे, पत्र्यांच्या खोल्यांत. मी पटांगणात डबा उघडला. आतलं पाणी सुकलं होतं. पिना ब्रशने घासल्या, बबलूच्या मोटारसायकलच्या बॅटरीवरून वीज दिली. बबलू स्वतःच्या लेकराला घेऊन दुसऱ्याच्या गाडीवर दवाखान्यात गेला होता. केबल लावली. मनात म्हणत होते, सापडू नको, सापडू नको. पहिल्या झटक्यात सापडलं.

लख्ख ऊन होतं. पडदा दिसेना. ओढणी घेणार तेवढ्यात डोक्यावर गोधडी आली. कमलीबाई. गोधडी तीच, तीजेला बसायला म्हणून तिने सोबत घेतलेली, म्हणून वाचलेली. ती माझ्याशेजारी आत शिरून बसली. पहिल्या दिवशीसारखी.

"त्याचं काई आलं का व या डब्यात?"

मला कळलं नाही.

"तो वरतीच होता ना. तुह्या डब्याजौळ. म्हून इचारलं."

"माणसाचं नाही येत मावशी. फक्त पाण्याचं येतं."

"मंग पान्याचं दाखव."

मी तीन नंबरची रेषा उघडली. जानेवारीपासूनची. तिने बोट ठेवलं आणि रेषेवरून हळूहळू पुढे नेलं. चाळीस वर्षं कशिदा काढलेलं बोट, कुठे टाका बदलला ते तिला लगेच कळतं.

"हे वर चाल्लं. पानी वाढलं म्हून?"

"हो."

"अन् हितं एकदम खाली आलं." बोट पुढे गेलं. "हितंही. अन् हे हितं, तीज पेरल्यावर. तवा पानी उतरलं होतं का? मले तं नाई दिसलं. माह्या वाफ्यात तं वाढतच होतं."

मशीन चुकलं, हे शब्द तयार होते. एकदा चालले होते, आताही चालले असते. ती माझं सगळं मान्य करते, तिचा नवराही करत होता.

"पाणी नाही उतरलं मावशी. चढतच होतं. मशीन बरोबर सांगत होतं. रेषा मी खाली आणली."

"काहून?"

"सर म्हणाले म्हणून. आणि ग्राफ चांगला दिसावा म्हणून."

गोधडीखाली तिचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं ती मारेल. मारावं असं फार वाटलं. तिने बोट उचललं नाही. ते पुढे नेलं, रेषा संपते तिथपर्यंत, आणि तिथेच ठेवलं.

"म्हंजे त्यानं तुले इचारलं होतं," ती म्हणाली. "मार्चात. मी खालून ओरडली होती, सांगू नका म्हून."

"तुमची चूक नाही मावशी. मी त्यांना सांगितलं, ठीक आहे म्हणून."

 तिने गोधडी माझ्या डोक्यावरून काढली. दोन्ही टोकं जुळवून तिची नीट घडी घातली, काखेत घेतली आणि पत्र्याच्या खोल्यांकडे चालायला लागली. मी हाक मारली नाही.

उन्हात पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. फाइल उतरत होती. ती पूर्ण होईपर्यंत मी तशीच उन्हात बसून राहिले.